पहिली नोकरी : 'आता जमतंय' असं नेमकं कधी वाटायला लागतं?

पाऊलखूण

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

कॉलेज संपल्यावर दोन महिन्यांत नोकरी लागली, तिला आता चार महिने झाले. काम ऑफिसातलंच आहे. वेगवेगळ्या विभागांकडून माहिती गोळा करायची, एका शीटमध्ये जुळवायची, दर आठवड्याला अहवाल पाठवायचा. ऐकायला सोपं वाटतं.

पहिले दोन आठवडे मला कामच नव्हतं. लॉगिन मिळालं नव्हतं आणि आजूबाजूला सगळे कामात गढलेले. मी जुनी कागदपत्रं वाचत बसायचे. कुणी मागून गेलं की पान उलटायचे, म्हणजे रिकामी दिसणार नाही. घरी गेल्यावर इतका थकवा यायचा की मलाच कळेना, काही न करता माणूस एवढा दमतो कसा?

मग काम आलं ते एकदम अंगावरच आलं. मागच्या महिन्यात शीट लावताना मी फक्त एका रकान्याचा क्रम बदलला, बाकीचे रकाने होते तिथेच राहिले. म्हणजे नावं एकाची आणि आकडे दुसऱ्याचे. तो अहवाल तीस जणांना गेला. दुसऱ्या दिवशी एका विभागातून फोन आला, आमचा आकडा असा कसा? माझ्या पोटात गोळाच आला. मॅनेजर एवढंच म्हणाल्या, "दुरुस्त करून परत पाठव." रागावल्या नाहीत, समजावलं नाही, काहीच नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटतंय.

कॉलेजात पेपर चुकला तर निदान किती गुण गेले ते कळायचं. इथे चार महिन्यांत मी बरी आहे, वाईट आहे की जेमतेम, हे मला कुणी सांगितलेलं नाही. सहा महिन्यांनी कायम करायचं की नाही ते ठरणार आहे.

म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्याला हे काम जमतंय असं तुम्हाला किती दिवसांनी वाटलं? आणि पहिली मोठी चूक मनातून कधी गेली?

खारूताई

रुमाल टाकून ठेवते. माझ्या बहिणीची पहिली नोकरी पुढच्या महिन्यात सुरू होतेय, तिलाही हा धागा वाचायला देईन.

आकडेमोड

पाऊलखूण, तुझी चूक वाचून मी मान डोलावली. शीट लावणाऱ्या प्रत्येकाच्या हातून ही होते. एकच रकाना निवडून क्रम लावायला गेलं की एक्सेल विचारतं, शेजारचे रकानेही सोबत घेऊ का? घाईत आपण 'नको' वर टिचकी मारतो आणि संपलं. शीट दिसायला अगदी नीटनेटकी असते, म्हणून चूक डोळ्यांना दिसतच नाही.

आता जरा मोठ्या लोकांचं ऐक. 2020 च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोरोनाचे 15,841 रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले. कारण काय, तर प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये घेतली जात होती आणि त्या फाइलमध्ये 65,536 च्या वर ओळी मावत नाहीत. त्यापुढच्या ओळी गुपचूप गळाल्या. परिणाम असा की त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. आणखी एक. 'मार्च१', 'सेप्ट१' अशी नावं असलेल्या जनुकांना एक्सेल तारीख समजायचं. 2016 मध्ये काही संशोधकांनी तपासलं तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका निघाल्या. शेवटी 2020 मध्ये जनुकांचीच नावं बदलली. शास्त्रज्ञांनी एक्सेलपुढे हात टेकले म्हण ना!

माझी सवय सांगतो, पंधरा वर्षांची आहे. आलेली मूळ फाइल कधीच हाताळायची नाही, प्रत काढायची. काम सुरू करण्याआधी ओळी किती आणि महत्त्वाच्या रकान्याची बेरीज किती, हे कागदावर लिहायचं. काम झाल्यावर दोन्ही परत बघायचं. पण तुझ्या चुकीत ओळीही तेवढ्याच राहतात आणि बेरीजही तीच येते! म्हणून तिसरी गोष्ट : कुठलीही चार नावं उचलायची आणि त्यांचे आकडे मूळ फाइलशी हाताने ताडून पाहायचे. मधली घे, शेवटची घे. पहिली ओळ बरोबर आली म्हणून समाधान मानू नकोस. पाच मिनिटांचं काम आहे.

शेवटचाबाक

आकडेमोड, सल्ला उत्तम आहे, पण माझा थोडा मतभेद आहे. चार महिन्यांपूर्वी आलेल्या मुलीच्या हातची शीट थेट तीस जणांना जाते आणि मध्ये दुसरं कुणी बघत नाही, ही तिची चूक की कामाच्या पद्धतीची? जे इंग्लंडचं उदाहरण दिलंत त्यातही कुणा एकाचा हात चुकला नव्हता, रचनाच तकलादू होती. आपण नव्या माणसाला सावध राहायला शिकवतो आणि रचना आहे तशीच ठेवतो. मग पुढचा नवा येतो आणि त्याच खड्ड्यात पडतो.

आकडेमोड

@शेवटचाबाक, सहमत. पण रचना बदलणं तिच्या हातात नाही, चार नावं ताडणं आहे. तिला सोमवारी परत अहवाल पाठवायचाय.

शेवटचाबाक

हे मात्र खरं.

तरी एक गोष्ट सांगतो, ती इथे बसते. एमी एडमंडसन नावाच्या संशोधक रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करत होत्या, औषधं देण्यातल्या चुकांबद्दल. त्यांना वाटलं होतं, जिथे एकमेकांशी चांगलं जमतं तिथे चुका कमी सापडतील. निघालं उलटंच, चांगल्या गटांत चुकांच्या नोंदी जास्त! मग लक्षात आलं की ती माणसं जास्त चुकत नव्हती, जास्त बोलत होती. इतर ठिकाणी चुका दाबल्या जात होत्या. पुढे 1999 मध्ये त्यांनी यावर जो निबंध लिहिला, त्यातून 'मानसिक सुरक्षितता' हा शब्द सगळीकडे गेला. सांगायचा मुद्दा, ज्या ऑफिसात फोन येईपर्यंत चुकीबद्दल कुणी बोलत नाही आणि आल्यावरही एका वाक्यात आटोपतात, तिथे नव्या माणसाला घुसमटल्यासारखं होणारच. पाऊलखूण, ते तुझ्या स्वभावामुळे होत नाहीये.

निळीशाई

मी पलीकडच्या खुर्चीतून लिहिते. नऊ वर्षं माणसं सांभाळतेय, सध्या माझ्या हाताखाली अकरा जण आहेत.

"दुरुस्त करून परत पाठव" हे वाक्य मीही म्हणते. म्हणते तेव्हा मनात एवढंच असतं की हिला चूक कळलीय, ही करेल, आता पुढचं काम. समोरच्या मुलीला ते रात्रभर छळत असेल हे मला, खरं सांगते, आज हा धागा वाचून कळलं. उद्यापासून मी एक वाक्य जास्त बोलणार आहे.

पाऊलखूण, तीस जणांतल्या किती जणांना तुझी चूक आठवत असेल? कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रयोग आहे, 2000 साली छापलेला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांना वाटलं निम्म्यांच्या. प्रत्यक्षात ते सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आलं होतं. आपल्याला वाटतं आपल्यावर दिवा रोखलाय. बाकीचे आपापल्या दिव्याखाली घामाघूम झालेले असतात.

माझ्या लक्षात चुका राहत नाहीत, लपवलेल्या चुका राहतात. एका मुलाला मंगळवारी कळलं होतं की त्याने जुनी फाइल पाठवलीय. भीतीपोटी तो शुक्रवारपर्यंत बोलला नाही. मंगळवारी सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. शुक्रवारपर्यंत त्या आकड्यांवर दोन निर्णय झाले होते. त्याच्यावर मी चिडले नाही, पण पुढचं सहा महिने त्याचं प्रत्येक काम तपासत राहिले. ते त्यालाही जड गेलं आणि मलाही.

पिंपळपान

निळीशाई, प्रतिसाद आवडला. "आपापल्या दिव्याखाली घामाघूम" हे लिहून ठेवतोय.

मधलीसुट्टी

सगळे चुकीवर बोलतायत, मला त्या पहिल्या दोन रिकाम्या आठवड्यांवर बोलायचंय. माझे तीन आठवडे गेले होते. ते दिवस कामाच्या दिवसांपेक्षा अवघड असतात, कारण कामात निदान हात गुंतलेले असतात. आपण इथे कुणाला हवे आहोत का, हा प्रश्न सारखा समोर येऊन बसतो.

चौथ्या दिवशी मी एक वही केली. बैठकीत जी आद्याक्षरं कानावर पडतील ती लिहायची आणि दिवसातून एकदा कुणाला तरी गाठून तीन-चारचे अर्थ विचारायचे. एका वेळी तीन-चारच, कारण तेवढ्याला कुणी नाही म्हणत नाही. महिन्याभरात नव्वदच्या वर जमली. त्यात एक गंमत सापडली. एकच आद्याक्षर दोन विभाग दोन वेगळ्या अर्थांनी वापरत होते आणि त्यावरून वर्षभर त्यांची जुंपत होती! मी विचारलं तेव्हा दोघं एकमेकांकडे बघत राहिले. नव्या माणसालाच असा प्रश्न पडू शकतो. जुन्यांना सगळं माहीत असतं, म्हणून ते विचारत नाहीत.

ती वही आता नव्या येणाऱ्या प्रत्येकाला देतात. माझं नाव नाही तिच्यावर, पण मला माहीत आहे.

कोरापान

मम. रिकामे दिवस फार वाईट.

कोरापान

आणि पाऊलखूण, प्रश्नाचं सरळ उत्तर : मला आठ महिने लागले. कुणीतरी माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, "हे कसं करतात गं?" आणि मला ते माहीत होतं. बास, एवढंच झालं.

रातकिडा

माझी पहिली नोकरी घरून होती. पूर्ण दहा महिने. तुम्ही लोक "टेबलाशी येऊन", "कुणाला तरी गाठून" असं लिहिताय ते वाचून हेवा वाटतोय. मला काही अडलं की निरोप टाईप करायचा, खोडायचा, परत टाईप करायचा. एवढ्याशा गोष्टीसाठी त्रास कशाला द्यायचा, असं वाटून बहुतेक वेळा पाठवायचोच नाही. पडद्यावर सगळ्यांचे चौकोन आणि बैठक संपली की खोलीत एकदम शांतता. चूक झाली की शेजारी कुणी "होतं रे असं" म्हणणारं नसतं. नव्या माणसाने पहिलं वर्ष ऑफिसातच काढावं, असं माझं ठाम मत झालंय.

शेवटचाबाक

@रातकिडा, त्रास समजतो. पण ऑफिसात बसलं की बोलणं आपोआप होतं असंही नाही. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी दोन कंपन्यांत मोजमाप केलं होतं, 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. भिंती काढून सगळ्यांना एका मोकळ्या दालनात बसवलं, तर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं आणि ईमेल-निरोप वाढले. माणसं कानात बोंडं घालून बसायला लागली. पाऊलखूणच बघ ना, भरल्या ऑफिसात बसूनही ती एकटी पडलीय.

रातकिडा

मला संशोधनाचं माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की दहा महिन्यांत मला कुणी हसताना पाहिलं नाही, आणि मीही कुणाला नाही.

शेवटचाबाक

यावर मी काही बोलत नाही. तुझं बरोबर आहे.

खारूताई

रातकिडा, आता कुठे आहेस? बरं चाललंय ना?

रातकिडा

हो ताई, दुसरीकडे आहे, ऑफिसात जातो. बरं चाललंय. शेजारी बसणारा माणूस दिवसभर गुणगुणत असतो आणि मला ते आवडतं.

अक्षरवेडी

अवांतर, पण नव्यांच्या कामाचं. ईमेल लिहिताना नावं भरण्याचा क्रम उलटा करा. आधी मजकूर लिहा, फाइल जोडा, परत वाचा आणि सगळ्यात शेवटी नावं भरा. नावंच नसतील तर अर्धवट ईमेल चुकून जाणार नाही. जीमेलमध्ये पाठवलेलं मागे घेण्याची मुदत 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती पहिल्याच दिवशी वाढवून टाका. आणि 'बीसीसी'त, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या यादीत, तुमचं नाव असेल तर 'सगळ्यांना उत्तर' हे बटण दाबू नका. ज्यांना तुमच्याबद्दल माहीत नव्हतं त्यांना सगळं कळेल!

पिंपळपान

'सीसी' म्हणजे कार्बन कॉपी ना? कार्बन कुठे आहे त्यात?

जुनाजाणता

आता कार्बन निघालाच आहे तर लिहितो. मी अडतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. सुरुवात टंकलेखक म्हणून केली. तेव्हा पत्राच्या चार प्रती हव्या असतील तर चार कागद, मध्ये तीन कार्बन, सगळं एकत्र यंत्रात सरकवायचं आणि किल्ल्या जोरात बडवायच्या, म्हणजे शेवटच्या प्रतीवर अक्षर उमटे. पत्राच्या तळाशी लिहायचं, प्रत कुणाकुणाला. तेच हे तुमचं 'सीसी'. कागद गेला, कार्बन गेला, नाव राहिलं.

त्या काळी चूक झाली तर ती चारही कागदांवर व्हायची. एकेक खोडायची, कार्बनचा डाग पडू न देता. आकडा चुकला तर पान नव्यानेच टंकायचं, कारण खोडलेला आकडा कुणी मानत नसे. माझ्या पहिल्या वर्षी एका तक्त्याचं पान मी सहा वेळा टंकलं. सहाव्या वेळी माझे हात थरथरत होते. आमचे हेडक्लार्क उठून आले, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि मूळ कागद हातात घेऊन एकेक आकडा मोठ्याने वाचायला लागले. ते वाचत होते, मी टंकत होतो. पाऊण तास. पान बरोबर आलं. ते काही न बोलता उठून गेले. त्यानंतर मी कधी तक्ता एकट्याने तपासला नाही. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं.

मुली, तुझ्या मॅनेजर काही बोलल्या नाहीत याचं तुला वाईट वाटलं. आमचे हेडक्लार्कही काही बोलले नाहीत. फरक एवढाच की ते शेजारी येऊन बसले. तुझ्या शेजारी कुणी येऊन बसत नसेल, तर तू कुणाला तरी बोलाव. "दोन मिनिटं आकडे वाचता का?" एवढं विचारायला लाजू नकोस. माझा अनुभव आहे, शंभरातले नव्वद जण येतात.

खारूताई

काका, वाचताना अंगावर काटा आला.

निळीशाई

काका, खरंच. उद्या ऑफिसात हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवणार आहे. चालेल ना?

जुनाजाणता

अवश्य. हेडक्लार्कसाहेब असते तर लाजले असते.

कवडसा

पाऊलखूण, तू लिहिलंयस त्याला नाव आहे, 'इम्पोस्टर'. 1978 मध्ये पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडलं. यशस्वी झालेल्या बायकांनाही मनातून वाटत राहायचं की आपण लायक नाही, एक दिवस आपलं बिंग फुटणार.

उंबरठा

@कवडसा, मला हे इथे लावणं पटत नाही. ते वर्णन काम येत असूनही येत नाही असं वाटणाऱ्यांचं आहे. चार महिन्यांच्या मुलीला काही गोष्टी खरंच येत नसतात, आणि त्यात गैर काय? न येणं आजार नाही. 'तुला उगाच तसं वाटतंय' असं सांगितलं तर ती शिकायची संधीच जाते. तिला वाटतंय ते बरोबर आहे, तिला अजून येत नाही. येईल.

आता माझं. मी पहिली नोकरी सहा महिन्यांत सोडली. तिथे चूक झाली की सगळ्यांसमोर उभं करायचे. पहिल्यांदा दुसऱ्याला केलं तेव्हा मी खाली बघितलं. पुढच्या महिन्यात मला केलं तेव्हा बाकीच्यांनी खाली बघितलं. त्या खाली बघणाऱ्यांत मीही होते, हे मला आजही टोचतं. सकाळी जिना चढताना छातीत धडधडायचं. आईने विचारलं, "शिकतेयस काही तिथे?" उत्तर सापडेना, म्हणून सोडली. घरात महिनाभर पैशांची ओढाताण झाली, त्याचा त्रास झाला. सोडल्याचा नाही झाला.

अवघड जातंय म्हणून सोडू नये असं मी धाकट्या भावाला सांगते. अपमान होतो म्हणून जरूर सोडावी. पाऊलखूण, तुझ्या लिहिण्यात मला अवघडलेपण दिसतंय, अपमान नाही दिसत. पण ते तूच ठरव, आम्ही लांबून बघतोय.

कवडसा

उंबरठा, पटलं. मी घाईने चिकटवलं ते नाव.

पाऊलखूण

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळे दोनदा वाचले, काकांचा तीनदा.

उंबरठाताई, नाही, अपमान कुणी करत नाही. लोक वाईट नाहीत. ते फक्त फार घाईत आहेत.

आणखी एक विचारायचंय, विषय जरा वेगळा आहे. सगळे सात-साडेसातपर्यंत बसतात. माझं काम सहाला संपतं. उठायला धीर होत नाही, म्हणून नुसती बसून राहते. घरी पोहोचेपर्यंत कुणाला फोन करायचंही त्राण उरत नाही. कॉलेजमधल्या जिवलग मैत्रिणीशी तीन आठवडे बोलले नाही. नोकरी लागली की हे असंच असतं का?

पिंपळपान

सहाला उठ. पहिले तीन दिवस मान वळवून बघतील, चौथ्या दिवशी कुणी बघणार नाही.

आकडेमोड

पिंपळपान म्हणतो तेवढं सोपं नाही. कायम होईपर्यंत नव्या माणसाने सगळ्यांच्या आधी उठू नये, असं मी म्हणेन. थोडे दिवस कळ काढावी.

शेवटचाबाक

आकडेमोड, इथे मी जोरात विरोध करणार. आठ तास काम, आठ तास विरंगुळा, आठ तास विश्रांती, ही मागणी रॉबर्ट ओवेन या ब्रिटिश गिरणीमालकाने 1817 च्या सुमाराला मांडली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना 1919 मध्ये स्थापन झाली, तिचा पहिलाच करार दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास या मर्यादेचा होता, कारखान्यांसाठी. लोकांनी शंभर वर्षं भांडून मिळवलेले तास आपण नुसतं 'कसं दिसेल' म्हणून परत देऊन टाकतो. काम असेल तर नऊपर्यंत बसावं. काम नसताना बसणं ही सवय लागली की माणूस सहाचं काम साडेसातपर्यंत पुरवायला शिकतो. पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने 1955 मध्ये हेच लिहिलं होतं, हाताशी जेवढा वेळ असेल तेवढं काम पसरतं.

निळीशाई

मॅनेजर म्हणून सांगते, कोण कधी उठलं हे मी बघत नाही. पण असे बघणारे मॅनेजर आहेत, हेही खरं. म्हणून अंदाज बांधत बसू नकोस, विचार. "माझं आजचं झालंय, आणखी काही नसेल तर निघू?" पहिल्या आठवड्यात रोज विचार. दुसऱ्या आठवड्यात त्याच म्हणतील, विचारत जाऊ नकोस.

आकडेमोड

हे चांगलंय. माझं मागे घेतो.

खारूताई

मैत्रिणीबद्दल मी लिहिते. कॉलेजात मैत्री आपोआप सांभाळली जाते, कारण रोज त्याच बाकावर बसायचं असतं. नोकरी लागली की बाक जातो आणि मग कळतं की मैत्रीसाठीही वार ठरवावा लागतो. आम्ही तिघींनी रविवार सकाळ ठरवली. फोन लावून आपापली कामं करत बसतो, कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणं. बोलायला काही नसलं तरी फोन चालू असतो. सहा वर्षं झाली. तू आज रात्रीच तिला एक ओळ टाक. तीही तुझ्यासारखीच साडेसातपर्यंत बसलेली असेल.

पाऊलखूण

टाकली. तिचं उत्तर आलं : "मला वाटलं तू विसरलीस."

मधलीसुट्टी

अगं बाई गं.

पिंपळपान

धागा जरा भरकटला, पण चांगल्या वाटेने. मूळ प्रश्नाकडे येतो, "जमतंय असं कधी वाटलं." मला सव्वा वर्ष लागलं. सगळं यायला लागलं म्हणून नाही वाटलं. कुठल्या गोष्टीसाठी कुणाला विचारायचं हे पाठ झालं, तेव्हा वाटलं. त्याआधी प्रत्येक अडचण डोंगराएवढी असायची, कारण कुठून सुरुवात करायची तेच कळायचं नाही. नंतर अडचणीला माणसाचा चेहरा आला. हे अडलं की त्या बाईंकडे, ते अडलं की तळमजल्यावर.

कोरापान

पिंपळपान, अनुमोदन. माझं आठ महिन्यांचं उत्तर आणि तुझं एकच आहे, फक्त मी दुसऱ्या टोकाला होते.

पाऊलखूण

अकरा दिवसांनी लिहितेय.

मॅनेजरना गाठलं. निळीशाईताईंनी सांगितल्यासारखं सरळ विचारलं, "मागच्या महिन्यात मी जो अहवाल चुकवला, त्यावरून तुमचं माझ्याबद्दल काय मत झालंय?" त्या क्षणभर बघत राहिल्या. म्हणाल्या, "कोणता अहवाल?" मी सांगितल्यावर आठवलं त्यांना. मग म्हणाल्या, काम वेळेत येतं, पण तू काय बदललंस हे कुठे लिहून ठेवत नाहीस, त्यामुळे मला तपासायला वेळ लागतो. म्हणजे त्यांची तक्रार निराळीच होती, आणि ती मला चार महिन्यांत माहीत नव्हती. मी माझ्या चुकीला धरून बसले होते. आता प्रत्येक अहवालाखाली काय बदललं ते दोन ओळींत लिहिते.

कायम करण्याचं विचारलं, त्यावर "अजून ठरलं नाही" एवढंच उत्तर आलं. ती धाकधूक आहेच.

सहाला उठायला लागले. एकदा एक जण म्हणाला, "आज लवकर?" मी हो म्हटलं आणि निघाले.

काकांचं ऐकून समोरच्या टेबलावरच्या एका दादांना विचारलं, आकडे वाचता का. ते लगेच खुर्ची घेऊन आले. सतराव्या ओळीत एक आकडा चुकीचा सापडला. तो माझ्याकडून नव्हता चुकला, विभागाकडूनच तसा आला होता. फोन करून कळवलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, बरं झालं बाई सांगितलंस.

जुनाजाणता

शाब्बास. आता त्या दादांचे आकडे कोण वाचतं?

पाऊलखूण

मी वाचते काका. गुरुवारी.

आकडेमोड

आणि मूळ फाइलची प्रत?

पाऊलखूण

काढली! ओळी 412, काम झाल्यावरही 412. मधली दोन नावं आणि शेवटची दोन, चारही ताडली.